न गिळलेला घोट

पाटील सरांविषयी लिहायचं तर थुंकण्यापासून सुरुवात केल्यावाचून गत्यंतर नाही. मला थुंकणाऱ्या माणसांची मनस्वी किळस आहे. एसटीच्या खिडकीतून पिचकारी सोडणारे, जिन्याचे कोपरे रंगवणारे, बोलता बोलता मान वळवून पचकन मोकळे होणारे, या सगळ्यांना एका रांगेत उभं करून त्यांच्याकडून भिंती धुऊन घ्याव्यात असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी ज्यांच्या हाताखाली रुजू झाले, ते गृहस्थ सकाळी अकरा ते साडेबारा माझ्यासमोर बसून सतत थुंकत होते. टेबलावर निळ्या काठाचा एक पांढरा एनॅमलचा मग होता. सर पेला उचलत, वास घेत, घोटभर तोंडात घेऊन गाल हलवत, डोळे मिटत आणि मग मान खाली घालून सगळं त्या मगात सोडून देत. दहा-बारा नमुने झाल्यावर तो मग अर्धा भरला. त्यावर बारीक फेस होता. मी तिकडे बघायचं टाळत होते आणि नजर पुन्हा पुन्हा तिथेच जात होती.

"बघा की नीट," सर म्हणाले. "आपल्या कामातली निम्मी अक्कल त्यात हाय."

मी त्या मगाला मनातल्या मनात टमरेल म्हणायला लागले ते तेव्हापासून.

कोल्हापूरच्या बाहेर, उसाच्या पट्ट्यात, आमची डिस्टिलरी आहे. रम, व्हिस्की असं सगळं तिथे तयार होतं. शिवगोंडा पाटील हे तिथले मुख्य चाखणारे. कुठला माल बाटलीत जाणार, कुठला परत टाकीत, कुठलं पिंप अजून वर्षभर तसंच ठेवायचं, हे त्यांच्या नाकाजिभेवर ठरायचं. आणि हा माणूस जन्मात दारू प्यायला नव्हता. गडहिंग्लजकडच्या लिंगायत घरातले ते. कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग. बी.एस्सी. झाल्यावर पहिली नोकरी मिळाली ती नेमकी इथे. आईने, त्यांच्या भाषेत अव्वाने, दोन दिवस अन्न सोडलं. तेव्हा त्यांनी लिंगावर हात ठेवून तिला शब्द दिला. तो शब्द ते आम्हाला छातीला हात लावून पुन्हा पुन्हा सांगत. "ह्याच्या वर काय चाललंय ते पोटासाठी. ह्याच्या खाली एक थेंब जाणार न्हाई."

मी मुरगूडची. आमच्या घरात दारूचा वास म्हणजे धाकट्या काकांचा वास. तो दारातून आत आला की आई आम्हा बहिणींना आतल्या खोलीत घेऊन कडी लावायची. पुढे काय व्हायचं ते आम्ही नुसतं ऐकायचो. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं ते औषधांच्या कंपनीत जायचं म्हणून, आणि येऊन पडले ते त्याच वासात. मुलाखतीला सरांनी माझे मार्क पाहिलेच नाहीत.

"मुरगूडच्या न्हवं? मग गुऱ्हाळाचा वास कसा असतोय ते सांगा."

हा काय प्रश्न झाला, म्हणून मी वैतागले. "पहिल्या दिवशी गोड असतो. तिसऱ्या दिवशी ओकारी आणतो. ओलं चिपाड जाळलं की धूर घशात बसतो. काकवीत मेलेले मुंगळे असतात, आणि वासात तेही असतात."

सर खुर्चीत ताठ झाले. "मुंगळे! सकाळपास्नं सगळ्यांनी गोड-गोड म्हणून सांगितलं. मुंगळ्यांचं नाव एकानं काढलं न्हाई. अक्का, तुम्ही उद्यापास्नं या."

मी त्यांच्या मुलीच्या वयाची. पण त्यांच्या सीमेकडच्या गावांत बाईमाणसाला मानाने अक्काच म्हणतात, आणि मी शेवटपर्यंत त्यांची अक्काच राहिले.

कामाच्या तिसऱ्या दिवशी मी बेसिनमध्ये भडाभडा ओकले. कच्च्या स्पिरिटचा वास नाकात गेला आणि काका दारात उभे राहिल्यासारखं झालं. सर पाण्याचा तांब्या घेऊन आले. "ओकला? बेस झालं. नाक जित्तं हाय." मग काकांचं सगळं त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं आणि म्हणाले, "वासाचा काय गुन्हा हाय अक्का? माणसाचा गुन्हा. वास बिचारा आपला खरं तेवढंच सांगतोय." मला ते तेव्हा अजिबात पटलं नाही. आजही निम्मंच पटतं.

त्यांचे नियम भयंकर होते. चाखायच्या दिवशी कांदा-लसूण बंद, चहा बंद, गजरा बंद. डोक्याला वासाचं तेल लावून आलेल्या अकाउंटंटला त्यांनी एकदा दारातूनच परत पाठवलं. "जावा, डोस्कं धुऊन या. तुमच्या चमेलीनं माझा सगळा माल नासवला." नमुन्यात निम्मं पाणी. एक थेंब तळहातावर चोळून त्याचा वास. दोन नमुन्यांच्या मध्ये शाळूच्या भाकरीचा कोरडा तुकडा. आणि रिकामे पेले धुवायचे नाहीत, तसेच ठेवायचे. जेवणानंतर ते एकेक रिकामा पेला परत हुंगत. "भरलेला पेला नटून आलेला असतोय. रिकामा झाल्यावर खरा कसा हाय ते दिसतंय."

मात्र त्यांचा सगळ्यात मोठा तिटकारा उसन्या शब्दांवर होता. मी पहिल्या अहवालात पुस्तकातले शब्द लिहिले होते, व्हॅनिला, टॉफी, ओक. सरांनी त्यावर इतक्या जोरात रेघ मारली की कागद फाटला. "तुमच्या घरात टॉफी शिजत हुती काय? ज्याचा वास तुमच्या घरात आलेला न्हाई, त्याचं नाव घ्याचं न्हाई." मग मी लिहायला लागले. नवा कासरा. जुनी खोबऱ्याची वाटी. ओल्या पोत्यात विसरलेले शेंगदाणे. या शेवटच्या वाक्यावर एक अख्खी टाकी नापास झाली, आणि त्या दिवशी सरांनी मला त्यांच्या डब्यातली शेंगाची पोळी दिली.

मलाही चाखलेलं थुंकावं लागे, ते मी बेसिनपाशी पाठ फिरवून करायची; पण त्या टमरेलाची किळस गेली नाही. ते धुवायचं काम आपल्यावर येईल या धास्तीने मी काही दिवस साडेबारा वाजले की काहीतरी निमित्त काढून गायब व्हायची. सरांनी कधी सांगितलं नाही. रोज ते स्वतः राखेने तो मग घासत, गरम पाण्याने विसळत आणि खिडकीत उपडा घालत. "आपली घाण आपण धुवायची," एवढंच म्हणत. वास जाण्यासाठी साबण मात्र नाही, कारण साबणाचा वास दुसऱ्या दिवशी येतो.

शिवाजी पेठेत एका तालमीच्या मागे त्यांचं भाड्याचं घर होतं. तोंडाचा वास झाकायला बडीशेपेचा दाणासुद्धा ते खात नसत. वास झाकणारा माणूस चोर, असं त्यांचं मत. त्यामुळे रोज संध्याकाळी विभूती लावलेला हा गृहस्थ व्हिस्कीचा भपकारा सोडत गल्लीतून चालत जायचा. कपडे तर वासाने भरलेलेच असत. गल्लीने त्यांचं नाव बाटली पाटील ठेवलं होतं. मठात ते बसले की शेजारचा माणूस सतरंजीवर जरा सरकून बसे. सर हे सगळं हसत सांगत, आणि मला मात्र त्या गल्लीचा संताप येई.

एकदा कागद द्यायला मी त्यांच्या घरी गेले. सर अंघोळीला गेले होते. त्यांच्या पत्नी, गंगाक्का, चहा ठेवून माझ्या अगदी जवळ बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, खरं सांगा. एक घोट बी आत जात न्हाई?"

"नाही हो. सगळं थुंकून टाकतात. मी रोज बघते."

"आता तुम्ही त्यांच्या हाताखालच्या. तुम्ही तरी काय सांगणार?" त्या उठल्या. "आल्या आल्या शर्ट भिजत घालते मी. सकाळपतुर बादलीला वास असतोय. पोटात गेल्याबिगार एवढा वास येतोय व्हय?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. नवरा पितो हे त्यांनी कधीच मान्य करून टाकलं होतं, आणि तो खोटं बोलतो हेही. मी चहा तसाच ठेवून उठले.

सरांचा खरा जीव मात्र बाटल्यांत नव्हता, चाळीस पिंपांत होता. अमेरिकेत मक्यापासून बर्बन नावाची व्हिस्की करतात. ओकच्या नव्या पिंपाला आतून जाळून कोळशाचा थर देतात आणि त्यात मक्याची दारू वर्षानुवर्षं मुरवतात. आपल्या भागातल्या मक्यापासून तसं काही करून बघावं, म्हणून सर मालकांच्या मागे लागले होते. मालक म्हणजे दादासाहेब. त्यांनी हौसेने पिंपं मागवली. सरांनी ती भरली, आणि मग नऊ वर्षं दर महिन्याला एकेका पिंपावर बोटाने टकटक करत ते गोदामात हिंडले. शेवटच्या वर्षी ते मला म्हणाले, "झालं अक्का. आता काढाया पायजे. तिकडं थंडी असती, तिथं अठरा वर्षं चालतंय. आपल्या उन्हात पिंप भुकेलं असतंय. अजून ठेवलं तर लाकूड सगळं खाऊन टाकतंय." पण दादासाहेबांना बाटलीवर मोठा आकडा हवा होता. अठरा नाही तर निदान बारा. सर अर्ज करत राहिले, दादासाहेब पुढचं वर्ष म्हणत राहिले.

अशात दादासाहेबांचे अमेरिकेतले जावई अठरा वर्षं मुरलेल्या बर्बनची एक बाटली घेऊन आले. रविवारी दुपारी फार्महाऊसवर जेवण ठरलं. पाटलांनी बाटलीची परीक्षा करायची आणि त्यावरून आपल्या पिंपांचं काय करायचं ते ठरवू, असा निरोप आला. सरांनी मला टिपणं घ्यायला सोबत यायला सांगितलं, आणि शनिवारपासून मीठसुद्धा कमी केलं. रविवारी ते पिशवीत आपला पेला, भाकरीचा तुकडा आणि टमरेल घेऊन आले.

त्या दुपारची आठवण काढली की मला अजून किळस येते. मटणाच्या दोन मोठ्या पातेल्यांभोवती दहा-बारा पुढारी माणसं. तांबड्या रश्श्याने माखलेल्या हातांनीच बाटली या हातातून त्या हातात फिरत होती आणि तिच्या काचेवर तेलकट बोटं उमटत होती. बाटलीच्या लाकडी पेटीतल्या मखमलीवर कुणीतरी हाडूक ठेवलेलं मी पाहिलं. एकाने पेल्यात कोला ओतला. दुसऱ्याने बोट बुडवून देवाच्या नावाने थेंब उडवले, ते माझ्या ओढणीवर आले. जावईबापू बाटलीसोबतच्या कार्डावरचं इंग्रजी मोठ्याने वाचत होते, व्हॅनिला, कॅरामेल, ओक, लेदर. सरांनी त्यांना शांतपणे विचारलं, "ओकचं झाड बघितलंय तुम्ही?" जावई हसले. त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

मग सर मटणाचा वास येणार नाही अशा बाजूला, व्हरांड्याच्या टोकाला, जाऊन बसले. भाकरी चावली. पेल्यात थोडी ओतून घेतली, पाणी घातलं, नाक लावलं. मी वही घेऊन शेजारी उभी होते. ते हळूहळू बोलत गेले. "भाजलेलं कणीस. भाजून लगेच सोललेलं न्हाई, जरा थांबून सोललेलं. काकवी, पण कढईच्या काठाला लागून करपलेली. सुताराच्या दारातला भुसा. आणि लिहा अक्का, उन्हात ठेवलेली जुनी गोधडी." मग त्यांनी घोट तोंडात घेतला. एरवी ते दहा अंक मोजत. त्या दिवशी मी तीसपर्यंत मोजलं तरी त्यांचे डोळे मिटलेलेच होते. गळ्यावरची शीर उडत होती. मग ते वाकले आणि टमरेलात थुंकले.

एनॅमलवर थुंकी पडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. एक जण ओरडला, "आयला, एवढी भारी दारू थुकली!"

सगळे हसले, आणि मग हसणं थांबलं. दादासाहेबांचा चेहरा पडला. आपल्या पंगतीत, आपल्या जावयासमोर, जावयाने आणलेली दारू हा माणूस थुंकतो, यापेक्षा मोठा अपमान त्या माणसांच्या डोक्यात मावत नव्हता. सरांना ते कळलं की नाही कोण जाणे. ते आपले निकाल सांगत होते. "लई मोठ्या घरची हाय. पण उशीर झालाय, दादासाहेब. चार-पाच वर्सं आधी काढाया पायजे हुती. आता पिंप बोलतंय, मका गप्प झालाय. शेवटाला जिभेच्या मुळाशी विड्यातला कात ठेवल्यागत तुरट हुतंय. तिकडच्या थंडीत ही गत, मग आपल्या पिंपांना किती दिवस ठेवणार?"

"शेवट?" दादासाहेब म्हणाले. "गिळल्याबिगार शेवट कळतोय व्हय, पाटील? जावईबापू काय म्हणतात, घशाखाली उतरल्यावरच खरी चव कळती. तुम्ही दारातनं परत फिरताय आणि आमचं घर कसं हाय ते सांगताय." मग त्यांनी स्वतः पेला भरला आणि सरांसमोर धरला. "आज आमच्या पंगतीला हाईसा. एक घोट गिळा. गिळून बी हेच म्हणालासा, तर उद्या सकाळी चाळीसच्या चाळीस पिंपं उघडतो. माझा शब्द हाय."

सगळे चेकाळले. "घ्या की पाटील!" "मालकांचा मान ठेवा!" "एका घोटानं काय मरत न्हाईसा!" जिलबीचा आग्रह करतात तसा एकाने रश्श्याच्या हाताने पेला सरांच्या ओठांना लावला. पेल्याच्या काठावर तांबडा तवंग आला. सरांच्या पांढऱ्या शर्टावर थेंब ओघळले. मला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती, आणि त्याच वेळी, खरं सांगते, मी मनात म्हणत होते की सर, गिळा. एक घोट. नऊ वर्षांची पिंपं वाचतात.

सरांनी तोंड फिरवलं आणि हात छातीवर ठेवला. "शब्द मी बी दिलाय, दादासाहेब. तुमच्या आधी."

कंपनीच्या जीपमधून आम्ही परत निघालो. वाटेत एका शेतात मोटर चालू होती. सरांनी गाडी थांबवायला सांगितली, पाटात उतरून खळाखळा चूळ भरली, टमरेल मातीने घासलं. मी बांधावर उभी राहून त्यांना वाटेल ते बोलले. म्हटलं, अव्वा जाऊन किती वर्षं झाली, कोण बघायला येणार होतं? घोटाने तुमचा धर्म बुडणार होता, की चाळीस पिंपांची माती होणार होती, यातलं मोठं काय? घरी तर तसंही तुमच्यावर कुणाचा विश्वास नाही. हे शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर मला माझीच घाण वाटली.

"घोटाचं काय न्हाई, अक्का," ते म्हणाले. "पण आज गिळला असता, तर आत्तापतुर जेवढं थुकलो, ते सगळं खोटं झालं असतं की. गंगा म्हणती तेच खरं झालं असतं." मग टमरेल झटकून पाणी उडवलं. "आणि खरं सांगू? आज पहिल्यांदाच गिळावंसं वाटलं. कात नंतर आला. आधी काय आलं म्हाईत हाय? आमच्या रानातलं कणीस आलं, अव्वानं भाजलेलं. घसा आपोआप उघडाय लागला. म्हणून एवढा वेळ लागला थुकाय."

दुसऱ्या महिन्यात, निवृत्तीनंतर दरवर्षी मिळणारी त्यांची मुदतवाढ झाली नाही. कुणी काही बोललं नाही, नुसता कागद आला नाही. जाताना त्यांनी टमरेल माझ्या टेबलावर ठेवलं. "राखेनंच घासा," म्हणाले. पिंपांवर टकटक करायला ते गोदामात गेले, आणि अर्ध्यातून परत आले. मग ते आणि गंगाक्का गडहिंग्लजला गेले. मी अधूनमधून फोन करायची. "पिंपं कशी हाईत?" हा पहिला प्रश्न. मी दरवेळी बरी आहेत म्हणायची. पहिल्या वर्षीच कात यायला लागला होता, ते त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. दोन वर्षांनी ते झोपेतच गेले. मातीला मी गेले होते. तिथेही एक जण दुसऱ्याला सांगत होता, लिव्हर गेली असणार.

त्यांना जाऊन वर्ष झालं आणि दादासाहेबांनी पिंपं उघडली. बाटलीवर आता बाराचा आकडा होता, आणि आकड्याखाली पाटील सरांचा फोटो. विभूतीसकट. त्यांच्या स्मरणार्थ म्हणे. बाजारात जाण्याआधी कँटीनच्या हॉलमध्ये सकाळी अकराला पुण्यस्मरणाचा कार्यक्रम ठेवला. फोटोला हार, पुढे समई, आणि समईशेजारी भरलेला पेला. "साहेबांना आवडायची," म्हणून एकाने तो भक्तिभावाने ठेवला होता. पहिल्या रांगेत गंगाक्का बसल्या होत्या, मांडीवर शाल-नारळ. कुणीतरी गाडी पाठवून त्यांना आणलं होतं. कार्यक्रम कशाचा ते त्यांना नीट सांगितलेलंही नसावं. त्या बाटलीवरच्या फोटोकडे एकटक बघत होत्या.

दादासाहेब बोलायला उभे राहिले. त्यांचे डोळे खरोखर ओले होते, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त शिसारी आली. "पाटलांसारखा शौकीन माणूस पुन्हा हुणार न्हाई," ते म्हणाले. गंगाक्कांनी मान खाली घातली. एवढी वर्षं जे त्या घरात सोसत आल्या, ते आता माइकवरून, दोनशे माणसांसमोर, हार घालून पक्कं होत होतं.

मग माझं नाव पुकारलं. सरांची शिष्या म्हणून पहिला घोट मी घ्यायचा आणि दोन शब्द बोलायचे. मी टेबलापाशी गेले. पिशवीतून टमरेल काढून बाटलीशेजारी ठेवलं. ते मी सवयीने आणलं होतं, त्यामागे काही बेत नव्हता. समईशेजारचा पेला उचलला. वास घेतला. तोंडात घोट घेतला आणि मोजायला लागले. कणीस कुठेच नव्हतं. करपलेलं लाकूड होतं, आणि त्यामागून जिभेच्या मुळाशी कात. माझे डोळे भरून आले. दहा झाल्यावर मी वाकले आणि दोनशे माणसांदेखत त्या टमरेलात थुंकले. आयुष्यभर ज्याची किळस केली, ते मी सगळ्यांच्या समोर, आवाज होईल असं केलं.

"पिंप बोलतंय," मी माइकवर म्हणाले. "मका गप्प झालाय. सरांनी हे तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. हा माल त्यांनी नापास केला असता. आणि ते शौकीन नव्हते. या कारखान्यात त्यांनी जेवढी दारू तोंडात घेतली, तेवढी सगळी या भांड्यात थुंकली. असं. रोज. मी बघितलंय."

दादासाहेब लालबुंद झाले होते. कुणीतरी माइक बंद केला. मागच्या रांगांतून कुजबुज सुरू झाली. माझी नोकरी आता गेली, हे मला कळत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. गंगाक्का उठल्या. शाल-नारळ खुर्चीवर ठेवून त्या टेबलापाशी आल्या आणि टमरेलात वाकून बघायला लागल्या. तळाशी माझी थुंकी होती, फेसाळलेली. मी ओशाळून ते बाजूला घ्यायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"असंच करायचे व्हय?"

"असंच."

"सगळं? आत काय बी न्हाई?"

"काहीच नाही, अक्का. एकदासुद्धा नाही."

त्या टमरेल उचलून कँटीनच्या मागच्या नळावर गेल्या. मी मागोमाग धावले. म्हटलं, "राहू द्या, मी धुते, घाण आहे ती."

त्यांनी चुलीपाशी वाकून चिमूटभर राख घेतली. "तीस वर्सं शर्ट धुतले," त्या म्हणाल्या. "हे एकदा बी धुतलं न्हाई." आणि पदर खोचून त्या नळाखाली तो मग घासत बसल्या.